स्कॅन करून इंकजेटवर प्रिंट काढायचे तर कुठला कृष्णधवल रोल घ्यावा?
स्वतः धुणार नसाल तर इल्फर्डचा एक्सपी२ सुपर. तो रंगीत रोलच्याच सी-४१ रसायनात धुतला जातो आणि प्रतिमा रंगद्रव्याची असते, म्हणून स्कॅनरची इन्फ्रारेड धूळसफाई चालते. एचपी५ किंवा ट्राय-एक्ससारख्या रोलवर प्रतिमा चांदीची असते, तिथे ती बंदच ठेवा. चांदी इन्फ्रारेड अडवते आणि स्कॅनर चित्रालाच धूळ समजतो.

घरी धुणार असाल तर मी इल्फर्डचा एफपी४ प्लस, हा चांदीच्या प्रतिमेचा रोलच सांगेन. फक्त डेव्हलपिंग थोडं कमी करा. पणजीच्या चर्चची उन्हातली पांढरी भिंत निगेटिव्हवर फार दाट झाली, तर फ्लॅटबेड स्कॅनरला चुन्याचा पोत पकडताच येत नाही. कॉन्ट्रास्ट नंतर वाढवता येतो. प्रिंटरला मात्र राखाडी शाया हव्यातच, नाहीतर करड्या छटांवर रंगाची झाक येऊ शकते.

आणि गोव्याच्या पावसाळ्यात निगेटिव्ह सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात ठेवा, बुरशी लगेच धरते.