डॉक्टरला सरकारी नोंदणी हवीच का? ‘हाताला गुण’ आहे एवढं पुरत नाही का?

तुम्ही विचारलंय की, सोलापुरात चांगला डॉक्टर कोण हे लोक एकमेकांना सांगतातच, मग सरकारी परवाना कशाला? आणि डॉक्टरला परवाना, तर बाकीच्या व्यवसायांना का नाही?

परवान्याविरुद्धचा मुद्दा पोकळ नाही. अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९६२ सालीच तो मांडला होता: परवाना देण्यात त्याच धंद्यातल्या लोकांचा हात असला की नव्यांची वाट अडते आणि फी चढते. कोण काय शिकलाय एवढं प्रमाणपत्राने कळावं, निवड गिऱ्हाइकाने करावी.

डॉक्टरांच्या बाबतीत मला हे पटत नाही. सोलापूरच्या पूर्व भागात मागावर उभा राहणारा कामगार घ्या, किंवा दिवसभर मांडी घालून विड्या वळणारी बाई. कंबर धरली म्हणून दवाखान्यात गेल्यावर डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आणि डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक यांची सुई मिळाली, तर संध्याकाळपर्यंत दुखणं उतरतं. ‘हाताला गुण आहे’ म्हणून गल्लीभर नाव होतं. तीच सुई पुन्हा पुन्हा घेतली की साखर चढते, हाडं ठिसूळ होतात, पोटात अल्सर होतो, मूत्रपिंडावर ताण येतो, दबलेला टीबी उसळतो. शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी करतं, म्हणून सुई एकदम बंद केली तर रक्तदाब कोसळू शकतो. आराम त्याच दिवशी, नुकसान काही महिन्यांनी. तोवर दोष सुईचा होता हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. इथे तोंडी कीर्तीच माणसाला फसवते, म्हणून आधी कोणीतरी तपासलेलं असलंच पाहिजे.

सगळ्याच व्यवसायांना हे लागू नाही. आर्किटेक्टचा १९७२ चा कायदा फक्त ‘आर्किटेक्ट’ हे नाव राखून ठेवतो, काम नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तसंच ठरवलं. मला ते योग्य वाटतं. विजेच्या कामाचं तसं नाही. अर्थिंग चुकलं तर शॉक शेजारच्या मागावरच्या माणसालाही बसतो, आणि त्याने वायरमन निवडलेलाच नसतो.

नोंदणीची खरी दुखरी जागा पुढे आहे. महाराष्ट्रात ॲलोपॅथी डॉक्टरला दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, त्यासाठी ३० क्रेडिट पॉइंट लागतात. ते परिषदा-कार्यशाळांना हजर राहून मिळतात, परीक्षा होत नाही. आज हा माणूस उपचार कसे करतो, हे नोंदणी क्रमांक सांगत नाही. तरी परवाना काढून टाकण्याऐवजी इथे तपासणी कडक करा, असंच मी म्हणेन.

तुम्ही स्वतः काय पाहाल? नोंदणी क्रमांक दवाखान्यात आणि चिठ्ठीवर लिहिणं बंधनकारक आहे. नुसता क्रमांक पाहून थांबू नका, तो कोणत्या कौन्सिलचा आहे ते विचारा. एमबीबीएस आणि पुढच्या पदव्यांची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते, आयुर्वेदाची आणि होमिओपॅथीची वेगळ्या कौन्सिलकडे. त्या कौन्सिलच्या वेबसाइटवर क्रमांक टाकून नाव आणि पदवी दोन्ही पाटीशी जुळतात का बघा. हे लहानसहान नाही: होमिओपॅथीची नोंदणी असलेल्या डॉक्टरने ॲलोपॅथीची औषधं दिली आणि रुग्ण दगावला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये तो निष्काळजीपणाच धरला. मेडिकल दुकानातही फार्मासिस्टचं प्रमाणपत्र भिंतीवर आणि माणूस भलताच, असं होतं; फार्मासिस्ट कोण आहे ते सरळ विचारा.

नोंदणीच नसेल तर शहरात महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे, गावात तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याने नोंदणीशिवाय डॉक्टरकी करणाऱ्याला १ वर्षापर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. नोंदणी असलेल्याने गैरवर्तन केलं तर कौन्सिलकडे जा, पण कौन्सिल भरपाई देत नाही. भरपाई हवी असेल तर ग्राहक आयोग, आणि तिथे मुदत २ वर्षांची. दोन्हीकडे चिठ्ठ्या, बिलं आणि रिपोर्ट लागतात, म्हणून सुई दिली की तिचं नाव त्याच वेळी चिठ्ठीवर लिहून घ्या.