विहिरीवर कॅमेरा लावताय? आधी हे बघा

दादा, कॅमेरा घेण्याआधी विहिरीपाशी उभं राहून कोणत्या सिमची रेंज येते ते तपासा. रानात वायफाय नसतं, लाइटचा नेम नसतो. फोरजी सिमवाला सोलरच घ्या. पॅनेलचं तोंड दक्षिणेला, सावली नको.

खरी गोष्ट कॅमेऱ्याचं तोंड कुठे करायचं याची. चोर तांब्यासाठी मोटारीची केबल कापून नेतात, म्हणून कॅमेरा स्टार्टरच्या पेटीकडे आणि पायवाटेकडे वळवा, उसाकडे अजिबात नको. पाला हलला की रात्रभर अलर्ट वाजतात, मग वैतागून माणूस अलर्टच बंद करतो आणि नेमकी तेव्हाच केबल जाते! उंची 10-12 फूट ठेवा. मेमरी कार्ड टाकाच, रेंज गेली तरी रेकॉर्डिंग राहतं. काचेवरची कोळिष्टकं पुसत चला. रात्री कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेडच्या (डोळ्यांना न दिसणाऱ्या) उजेडात त्यांच्यामुळे सगळं पांढरंफटक दिसतं.