नुसतं टेस्टिंग करून करिअर होतं का?

नमस्कार ताई,

उलव्याहून पाठवलेलं तुमचं पत्र मिळालं. लेक बारावी सायन्सला. नवी मुंबई विमानतळ सुरू होण्याआधी एक छोटं विमान धावपट्टीपर्यंत खाली यायचं आणि न टेकताच वर निघून जायचं, हे तिनं गच्चीवरून पाहिलं आणि तिथपासून तिला असलंच तपासणीचं काम करायचंय. दुसरीकडे रबाळ्याच्या लॅबमधला मामा तिला रेल्वेच्या सीटचा फोम जाळून कसा तपासतात ते सांगतो, आणि तिला तेही आवडतं. बाबा म्हणतात, "इंजिनिअर होऊन आयुष्यभर नुसतं टेस्टिंग करणार का?" यात करिअर आहे का आणि दोन्हींतलं काय घ्यावं, असं तुम्ही विचारलंय.

आधी बाबांचा प्रश्न. टेस्टिंग म्हणजे खालच्या दर्जाचं काम, हा समज मला मुळीच मान्य नाही. विमानाच्या केबिनमधल्या भिंतीच्या पॅनेलची चाचणी बघा. साधारण तीन इंच रुंद, बारा इंच लांब तुकडा ठरावीक तापमानात आणि आर्द्रतेत २४ तास ठेवतात. मग उभा टांगून खालून बर्नरची ज्योत बरोबर ६० सेकंद धरतात. ज्योत काढल्यावर तुकडा सरासरी १५ सेकंदांच्या आत आपोआप विझला पाहिजे, आणि जळालेला भाग सहा इंचांपुढे जाता कामा नये. पेटता थेंब खाली पडला तर तोही किती वेळ जळतो ते मोजायचं. सोळाव्या सेकंदाला विझला तर? चाचणी घेणाऱ्यानं सोळाच लिहायचे, मग समोर कंपनीचा माणूस कितीही घाईत असो. रिपोर्टवर सही त्याची असते.

आणि या सहीला वजन का, हे बाबांना एका घटनेवरून कळेल. २००३ मध्ये दक्षिण कोरियातल्या देगू शहराच्या मेट्रोत एका माणसानं आग लावली. डब्यातल्या सीट आणि आतलं सामान भराभर पेटलं, विषारी धूर कोंडला आणि १९२ माणसं गेली. अशा आगीत ज्वाळांच्या आधी बरेचदा धूरच माणसाला गाठतो. म्हणून रेल्वेच्या डब्यांसाठी असलेल्या ईएन ४५५४५ या युरोपीय मानकात उष्णता किती बाहेर पडते, धूर किती दाट होतो, त्यात कोणते विषारी वायू असतात, हे सगळं मोजावं लागतं. ते नुसत्या बर्नरचं काम नाही. त्यासाठी कोन कॅलरीमीटरसारखी (जळताना किती उष्णता बाहेर पडते ते मोजणारी) यंत्रं आणि केमिस्ट्रीची पक्की समज लागते.

आता गच्चीवरून दिसलेलं ते तपासणीचं विमान. इन्स्ट्रुमेंट लँडिंग सिस्टीम, म्हणजे आयएलएस, दोन रेडिओ संकेत पाठवते. लोकलायझर धावपट्टीची मधली रेघ सांगतो, ग्लाइड स्लोप सुमारे तीन अंशांची उतरण सांगतो. दोन्हींत ९० आणि १५० हर्ट्झचे दोन सूर मिसळलेले असतात. दोन्ही सारखे आले तर विमान बरोबर रेघेवर आहे. आपल्याकडे जुलैत ढग खाली आले की पायलट या संकेतांवर भरवसा ठेवून उतरत असतो, त्यामुळे संकेत खरोखर बरोबर जागी पडतोय का, हे हवेत जाऊनच पाहावं लागतं. भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे यासाठी खास विमानं आहेत. धावपट्टीशेजारचे चार पापी दिवेही (उतरताना उंची बरोबर आहे का ते पायलटला दाखवणारे) तसेच वरून तपासतात: दोन पांढरे, दोन लाल दिसले तर उंची बरोबर. ही तपासणी विमानतळ सुरू होतानाच होते असं नाही, पुढेही ठरावीक मुदतीनं करावीच लागते.

या कामाकडे जायचा रस्ता मात्र लांब आहे. इलेक्ट्रॉनिक्स किंवा टेलिकम्युनिकेशनचं बीई, मग प्राधिकरणाची ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह भरती. वयाची मर्यादा २७, मूळ वेतन ४०,००० पासून. अलीकडे निवड गेट या इंजिनिअरिंगच्या राष्ट्रीय परीक्षेच्या गुणांवर झाली आहे. बदली देशभर कुठेही होते, आणि तपासणीच्या विमानात यंत्रांपुढे बसायला आधी जमिनीवर अनुभव घ्यावा लागतो. नवी मुंबईचा विमानतळ खासगी कंपनी चालवत असली तरी दळणवळण आणि दिशादर्शनाची यंत्रणा प्राधिकरणाकडेच आहे, हे लक्षात ठेवा.

तुम्ही लिहिलंय की लेकीला केमिस्ट्रीत छान गुण पडतात आणि गणिताचा कंटाळा येतो. मग माझा कल साफ दुसऱ्या बाजूला, म्हणजे मामाच्या लॅबसारख्या आगीच्या चाचण्यांकडे आहे. माटुंग्याच्या आयसीटीत (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) पॉलिमर किंवा फायबर्स-टेक्स्टाइल, व्हीजेटीआयला टेक्स्टाइल, नाहीतर सरळ केमिस्ट्रीत बीएस्सी-एमएस्सी. आगीचंच शास्त्र मुळापासून शिकायचं असेल तर नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात फायर इंजिनिअरिंगचं बीई आहे. एक स्पष्ट सांगते: खासगी लॅबमध्ये सुरुवातीचा पगार बेताचा असतो आणि पहिली काही वर्षं तेच ते नमुने हाताखालून जातात. एनएबीएल (लॅबना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेली लॅब निवडावी आणि रिपोर्टवर सही करण्याची अधिकृत जबाबदारी मिळेपर्यंत टिकावं. त्यानंतर डबे आणि बस बनवणारे कारखाने, मेट्रोचे प्रकल्प, सीटचं कापड आणि फोम पुरवणारे, सगळीकडे या माणसाची गरज असते.

गणिताचा कंटाळा कशामुळे आलाय, हेही एकदा तपासा. नुसता शिकवणीचा कंटाळा असेल आणि रेडिओ, सर्किट हातात घेतल्यावर ती रमत असेल, तर मी वर जे म्हटलं ते उलटं होऊ शकतं. सुट्टीत मामांना विचारून दोन दिवस लॅबमध्ये बसू द्या, आणि घरी ब्रेडबोर्डवर एक साधा एफएम रिसीव्हर जोडायला सांगा. कशात जेवणाची वेळ विसरली ते पाहा आणि एमएचटी-सीईटीचा फॉर्म भरण्याआधी मला प्रिलिमच्या गुणांसह कळवा.