पहिलं स्प्रिंट प्लॅनिंग करताय? एवढं सांभाळा

स्प्रिंट म्हणजे टीमने ठरवलेली कामं संपवायची ठरावीक मुदत. तो दोन आठवड्यांचा ठेवा आणि पहिले तीन-चार स्प्रिंट तरी ती मुदत बदलू नका.

आधी ध्येय एका वाक्यात लिहा: 'ग्राहकाला यूपीआयने पैसे भरता यावेत.' मग त्याला लागणारी कामंच बॅकलॉगमधून (करायच्या कामांच्या यादीतून) उचला. नवीन टीम हमखास उलटं करते. आधी ढीगभर तिकिटं (एकेका कामाच्या नोंदी) भरायची, मग ध्येय शोधत बसायचं.

माणसं नीट मोजा. ६ जण गुणिले १० दिवस म्हणजे ६० दिवस हाती आले, असं होत नाही. गणपतीत दोघं गावी, एक जण प्रॉडक्शन सपोर्टला (ग्राहक वापरतात ती सिस्टिम सांभाळायला), वर मीटिंगा. उरलेले दिवसही काठोकाठ भरू नका. मध्येच तातडीचा बग येतोच.

नेहमीच्या चुका:
- 'पेमेंट मॉड्यूल' असं अगडबंब तिकीट घेणं. दोन-तीन दिवसांत संपतील असे तुकडे करा.
- टेस्टिंग शेवटच्या दिवसावर ढकलणं.
- मॅनेजरने आकडा सांगायचा, टीमने माना डोलवायच्या. अंदाज काम करणाऱ्यांनीच द्यायचा, हे मात्र अजिबात सोडू नका.

स्प्रिंटने काम करायच्या 'स्क्रम' पद्धतीच्या अधिकृत मार्गदर्शिकेत, म्हणजे स्क्रम गाइडमध्ये, महिनाभराच्या स्प्रिंटला प्लॅनिंगसाठी जास्तीत जास्त ८ तास दिलेत. तुम्हाला त्याच्या निम्मे पुष्कळ झाले. व्हेलॉसिटी (टीम एका स्प्रिंटमध्ये किती काम संपवते), बर्नडाउन (उरलेल्या कामाचा आलेख) तूर्त राहू द्या. अडलात तर बिनधास्त विचारा.