स्पोर्ट सस्पेन्शन घ्यायचंय? आधी मागच्या सीटवर बसा

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही साताऱ्याला राहतो. जुनी गाडी काढून ह्युंदाई आय-२० घ्यायचं ठरलंय. मिस्टरांना त्यातली एन लाइनच हवी, म्हणजे स्पोर्टी प्रकार. त्यांनी ती चालवून पाहिली आणि ते एकदम खूश आहेत. माझी काळजी वेगळी आहे. सासूबाई ७४ वर्षांच्या, मानेला स्पॉन्डिलायटिस, आणि दर महिन्याला त्यांना पुण्याला डॉक्टरांकडे न्यावं लागतं. एन लाइनचं सस्पेन्शन साध्या आय-२० पेक्षा कडक आहे असं ऐकते. शोरूममधला मुलगा म्हणतो, "मॅडम, फरक कळतसुद्धा नाही." खरं काय मानायचं? (एक वाचक, सातारा)

उत्तर : फरक कळतो. फक्त तो पुढच्या सीटवर कमी कळतो आणि मागच्या सीटवर जास्त.

तुमच्या मिस्टरांनी गाडी चालवून पाहिली, म्हणजे स्टीअरिंग हातात धरून पाहिली. चालवणाऱ्याला खड्डा आधी दिसतो, त्याचं अंग आपोआप सावध होतं. शिवाय तो पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये कुठेतरी बसलेला असतो. मागची सीट जवळजवळ चाकांवरच असते, आणि तिथे बसलेल्याला खड्डा कळतो तो बसल्यावरच. आपल्याकडे म्हातारी माणसं बहुतेक वेळा डाव्या दारातून चढतात आणि तिथेच टेकतात. रस्त्याची डावी कड सगळ्यात उखडलेली असते. साइडपट्टी, गटाराची झाकणं, केबलसाठी खणून बुजवलेले चर, सगळं त्याच चाकाखाली येतं. गाडीतली सगळ्यात खडतर जागा आपण घरातल्या सगळ्यात नाजूक माणसाला देतो.

मी पुण्यात सस्पेन्शनच्या चाचणी विभागात २६ वर्षं काम केलं. नोकरीला लागले तेव्हा माझ्या वरिष्ठांनी पहिले सहा महिने मला गाडी चालवू दिली नाही. डाव्या मागच्या सीटवर बसवलं आणि हातात एक वही दिली. वहीत तीन रकाने होते : मान, कंबर, पोट. प्रत्येक धक्का शरीरात कुठे लागला त्या रकान्यात रेघ मारायची. तेव्हा मला ते काम शिपायाचं वाटलं होतं. आजही कोणी सस्पेन्शनबद्दल विचारलं की मला ती वहीच आठवते, म्हणून तुम्हालाही त्याच तीन रकान्यांतून सांगते.

आधी कंबर. गाडीची स्प्रिंग किती कडक हे ओळखायची एक खूण म्हणजे धक्का बसल्यावर गाडी सेकंदाला किती वेळा खाली-वर होते. आरामासाठी बांधलेली गाडी साधारण १ ते १.३ वेळा होते, स्पोर्टकडे झुकलेली १.५ किंवा त्याहून जास्त. आकडे जवळचे वाटतात, पण १.२ वरून १.५ वर जायला स्प्रिंग दीडपटीहून जास्त कडक करावी लागते. कडक स्प्रिंगची उसळी आवरायला शॉकअपही कडक लागतो, आणि खरं दुखणं तिथे सुरू होतं. मोठा, सावकाश येणारा उंचवटा कडक गाडी छान सांभाळते. छोटा, टोकदार धक्का मात्र कडक शॉकअप आहे तसा वर पाठवतो. बसलेल्या माणसाचं शरीर सेकंदाला ४ ते ८ वेळा येणाऱ्या उभ्या हादऱ्यांना सगळ्यात हळवं असतं. शरीराला बसणाऱ्या हादऱ्यांचं आयएसओ २६३१ हे आंतरराष्ट्रीय मानकही तेच धरून चालतं. कधी पुढे मुंबईला एक्सप्रेस वेने गेलात तर लक्ष देऊन बघा. तिथल्या काँक्रीटचे सांधे साधारण साडेचार मीटरवर आहेत. ताशी ८० ने गेलं की सेकंदाला जवळपास पाच सांधे चाकाखालून जातात, म्हणजे नेमके त्या हळव्या पट्ट्यात. साध्या गाडीत तिथे नुसता टकटक आवाज येतो. कडक गाडीत तो आवाज सीटमधून पाठीत येतो.

गावातल्या गतिरोधकांचं तर विचारू नका. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या नियमाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच हवा, ताशी २५ किलोमीटरने सहज ओलांडता येईल असा. प्रत्यक्षात गल्लीतला गतिरोधक हातभर रुंद आणि वीतभर उंच असतो. आय-२० च्या पुढच्या आणि मागच्या चाकांत २.५८ मीटर अंतर आहे. ताशी २० ने गेलात तर पुढचा दणका बसल्यावर अर्ध्या सेकंदाच्या आत मागचा बसतो. १९३०च्या दशकात मॉरिस ओली या इंग्रज इंजिनिअरने जनरल मोटर्समध्ये दाखवून दिलं होतं की मागची उसळी पुढच्यापेक्षा थोडी जलद ठेवली तर मागचा भाग पुढच्याला लगेच गाठतो आणि गाडी न डोलता सपाट चालते. सुंदर कल्पना आहे, आजही वापरतात. पण ती जमते हमरस्त्याच्या वेगाला. गल्लीतल्या वेगाला त्याच मागच्या स्प्रिंगचा दणका मागे बसलेल्याच्या माकडहाडाला लागतो.

आता मान, कारण तुमच्या सासूबाईंचा रकाना हा आहे. वळणावर गाडी कलू नये म्हणून डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी एक पिळाची दांडी असते, तिला अँटी-रोल बार म्हणतात. आय-२० च्या मागच्या बाजूला टॉर्शन बीम आहे, म्हणजे मागच्या दोन चाकांना जोडणारी, पिळ घेणारी आडवी तुळई. तो हे काम काही प्रमाणात स्वतःच करतो. ही जोडणी जितकी कडक, तितका एका चाकाचा खड्डा दुसऱ्या बाजूपर्यंत पोचतो. मग गाडी नुसती खाली-वर होत नाही, आडवी झटकली जाते, आणि डोकं आधी डावीकडे, लगेच उजवीकडे फेकलं जातं. निरोगी माणसाच्या हे लक्षातही येत नाही. वहीत माझ्या सगळ्यात जास्त रेघा कंबरेच्या रकान्यात असायच्या, पण दिवसाच्या शेवटी दुखायची ती मान. मी डॉक्टर नाही, त्यामुळे सासूबाईंच्या आजारावर बोलणार नाही. पण त्यांच्या जागी मी सगळ्यात आधी हा आडवा झटका तपासला असता.

पोटाच्या रकान्यात एन लाइनला पूर्ण गुण. मळमळ होते ती अगदी मंद हेलकाव्यांनी, आणि ते हेलकावे बरेचसे चालवणाऱ्याच्या ब्रेक आणि वळणातून येतात. कमी कलणारी गाडी खंबाटकी घाटात उलट बरी वाटते. चार माणसं आणि सामान भरल्यावर ती मागून बसतही नाही. तुमचे मिस्टर खूश आहेत त्यामागे खरी कारणं आहेत, ती मी नाकारणार नाही.

सस्पेन्शनइतकंच टायरचं आहे, आणि शोरूममध्ये त्याबद्दल कोणी बोलत नाही. १९५/५५ आर१६ या टायरच्या (रुंदी १९५ मिलिमीटर, भिंत रुंदीच्या ५५ टक्के, रिम १६ इंची) रबराच्या भिंतीची उंची १०७ मिलिमीटर. १८५/६५ आर१५ ची १२० मिलिमीटर. बाहेरचा व्यास जवळपास एकच, म्हणजे १३ मिलिमीटरची हवेची उशी आपण अलॉय मोठं दिसावं म्हणून देऊन टाकतो. हे मी घरात भोगलंय. २०१४ साली मी गाडी घेतली, १७ इंची चाकांचा वरचा प्रकार. वडील तेव्हा ८१ वर्षांचे. कराडला लग्नाला निघालो होतो. शिरवळच्या पुढे आरशात पाहिलं तर ते दोन्ही हातांनी दाराच्या वरचं हँडल धरून बसले होते आणि रस्त्यातल्या प्रत्येक डागडुजीवर त्यांचे ओठ घट्ट मिटत होते. तक्रारीचा एक शब्द नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्यांत मागे बसून रेघा मारणारी मी, स्वतःची गाडी घेताना त्यांना मागे बसवून बघितलं नव्हतं. परत आल्यावर आठवड्याभरात २२५/४५ आर१७ काढून २०५/५५ आर१६ बसवले. त्याच गाडीच्या खालच्या प्रकाराला कंपनी देत होती तेच चाक. भिंत १०१ वरून ११३ मिलिमीटर झाली. स्प्रिंग त्याच, शॉकअप तेच. पुढच्या खेपेला वडील कराड येईपर्यंत झोपले.

आता टेस्ट ड्राइव्ह. साधी आणि एन लाइन, दोन्ही एकाच दिवशी मागवा आणि निघण्याआधी चारी चाकांची हवा मोजायला लावा. चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर जो आकडा असेल तोच हवा. नव्या गाड्यांत पुष्कळदा हवा जास्त भरलेली असते, आणि पाच-सहा पीएसआयने जास्त असली तर साधी गाडीसुद्धा दगडासारखी लागते. मिस्टर चालवतील, सासूबाई डावीकडे मागे, तुम्ही त्यांच्या शेजारी. शोरूमचा ठरलेला गुळगुळीत फेरा नको. तुमच्या घराजवळचा सगळ्यात वाईट गतिरोधक ताशी १५ ने, मग हायवेवरच्या रम्बलरच्या पट्ट्या ४० ने, मग एखादा रस्ता जिथे फक्त डावं चाक खड्ड्यात जातं. तिसऱ्या रस्त्यावर सासूबाईंच्या डोक्याकडे बघा. त्यांना "कसं वाटलं" असं विचारू नका, त्या "छान आहे हो" असंच म्हणतील. त्यांचा हात हँडलकडे जातोय का तेवढं बघा.

माझं मत विचाराल तर साधी आय-२० घ्या. एन लाइनमधल्या टर्बो इंजिनाची ताकद हवीच असेल, आणि तुमच्या मिस्टरांचं मन बहुधा तिथेच अडकलंय, तर टर्बो इंजिन आणि घरगुती सस्पेन्शन असलेली गाडी शोधा. मारुती फ्रॉन्क्सचा एक लिटर टर्बो प्रकार त्याच तीन रस्त्यांवर नेऊन पाहा, तिला १९५/६० आर१६ टायर येतात, म्हणजे भिंत ११७ मिलिमीटर. सासूबाई महिन्यातून एकदाच बसतात, गाडी रोज मिस्टर चालवतात, असा हिशेब घरात होईल. पण तो एक दिवस त्यांचा पूर्ण महिना बिघडवू शकतो, हे तुम्ही ठामपणे सांगा.

प्रश्न : माझी सेडान सहा वर्षांची आहे. पाच माणसं बसली की मागून खाली घासते. गॅरेजवाले म्हणतात, स्प्रिंगमध्ये रबरी बफर टाका, गाडी वर येईल आणि राइडही सुधारेल. टाकू का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : गाडी वर येईल. राइड सुधारणार नाही. बफर स्प्रिंगच्या दोन वेटोळ्यांमध्ये बसतो आणि त्यांना हलूच देत नाही. म्हणजे उरलेल्या वेटोळ्यांवर जास्त भार येतो आणि स्प्रिंग कडक होते. शॉकअप मात्र जुन्या, मऊ स्प्रिंगच्या मापाचाच राहतो. कडक स्प्रिंगची उसळी त्याला आवरत नाही, गाडी खड्ड्यातून बाहेर येताना वर उडते. पैसे मोडून तुम्ही न मागितलेलं अर्धवट स्पोर्ट सस्पेन्शन मिळतं.

आधी हे करा. सपाट फरशीवर, गाडी रिकामी असताना, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची चारही बाजूंना टेपने मोजा. डाव्या-उजव्या बाजूंत ठळक फरक असेल किंवा मागची बाजू तशाच दुसऱ्या गाडीपेक्षा खाली असेल तर स्प्रिंग बसली आहे, नवीन टाका, दोन्ही बाजूंना एकदमच. शॉकअपच्या अंगावर तेलाचा ओघळ आणि त्यावर धूळ चिकटलेली दिसली तर शॉकअप गेलेत. बुश, म्हणजे सांध्यांमधले रबरी तुकडे, तेही बघून घ्या. सहा वर्षांत कोल्हापूरच्या रस्त्यांनी यातलं काहीतरी नक्की खाल्लं असणार. हे सगळं धड असेल तर पाच माणसांबरोबर डिकीत किती वजन जातंय ते बघा.

प्रश्न : मी म्युनिकला असतो. बीएमडब्ल्यू ३ सिरीज मागवतोय. यादीत साधं, एम स्पोर्ट आणि अ‍ॅडाप्टिव्ह असे सस्पेन्शनचे पर्याय आहेत. दोन लहान मुलं आहेत. काय निवडू? (एक वाचक, जर्मनी)

उत्तर : २०१९ पासूनच्या या पिढीत एम स्पोर्ट सस्पेन्शन साध्यापेक्षा १० मिलिमीटर खाली बसतं आणि स्प्रिंग कडक असते. साध्या सस्पेन्शनमध्ये शॉकअप असे आहेत की चाक बरंच वर-खाली गेलं की ते आपोआप जास्त विरोध करतात आणि छोट्या हालचालीला मऊ राहतात. त्यामुळे 'साधं' या शब्दावरून त्याला कमी लेखू नका. गुळगुळीत ऑटोबानवर वेगातही ते गाडी नीट धरून ठेवतं. जुन्या गावांतल्या दगडी फरसबंद रस्त्यांवर तर ते एम स्पोर्टपेक्षा नक्कीच सुखाचं. अ‍ॅडाप्टिव्हमध्ये शॉकअपचा कडकपणा बदलतो, स्प्रिंगचा नाही, हे लक्षात ठेवून मगच जादा पैसे भरा. आणि १९ इंची चाकं टाळा. रन-फ्लॅट टायर असतील तर आणखीच टाळा. पंक्चर झाल्यावरही गाडीचं वजन पेलावं म्हणून त्यांची भिंत मुळातच जाड आणि ताठ असते. मुलांसाठी मी साधं सस्पेन्शन आणि १७ इंची चाकं घेतली असती, आणि वाचलेल्या पैशांत हिवाळी टायरचा चांगला सेट.