मुलीला ‘रिंग थिअरी’त पीएचडी करायचीय

प्रश्न : एमएस्सी झालेली मुलगी नॉनकम्युटेटिव्ह रिंगमध्ये संशोधन करायचं म्हणते. त्यात अजून शोधण्यासारखं काही उरलंय का? — एक आई, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : ताई, भरपूर उरलंय. मी बडोद्यात वर्षानुवर्षं मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांचे चौकोनी तक्ते, शिकवल्या. पोरं अ×ब आणि ब×अ सर्रास एकच धरायची! बेरीज, वजाबाकी, गुणाकार करता येतात, पण हे दोन गुणाकार वेगळे येऊ शकतात, अशी रचना म्हणजे नॉनकम्युटेटिव्ह रिंग. खरी गंमत पुढे आहे. दोन बाय दोनची एक मॅट्रिक्स घ्या : वर उजवीकडे १, बाकी शून्य. तिचा वर्ग शून्य. १ खाली डावीकडे नेला, तरी वर्ग शून्यच. पण दोघींची बेरीज करा, तिचा वर्ग एकक मॅट्रिक्स (कर्णावर १, बाकी शून्य) येतो. कितीही घात घ्या, शून्य काही होत नाही.

सुट्या घटकांचं हे असं. मग ज्यांतला प्रत्येक घटक कुठल्यातरी घाताला शून्य होतो, अशा दोन डाव्या आयडियल्सची (रिंगमधले असे गट, ज्यांतल्या घटकांची बेरीज गटातच राहते आणि डावीकडून रिंगमधल्या कशानेही गुणलं तरी उत्तर गटातच राहतं) बेरीज केली तर? तीही तशीच असते, हे गणितज्ञ कोटे यांचं १९३० चं अनुमान, म्हणजे सिद्ध न केलेला अंदाज. गणितज्ञ अमित्सुर यांनी १९५६ मध्ये अगणनीय क्षेत्रांवरच्या (वास्तव संख्यांसारख्या, क्रमवार यादी करता न येणाऱ्या संख्यासंचांवरच्या) बीजगणितांसाठी, म्हणजे रिंगच्या एका खास प्रकारासाठी, ते सिद्ध केलं. सर्वसाधारण रिंगसाठी अजून कुणाला जमलेलं नाही.

मात्र पीएचडीला थेट कोटेंनाच हात घालू नको म्हणावं. विशिष्ट रिंग घेऊन छोटा, सुटेलसा प्रश्न निवडावा, आणि गाइड याच विषयातला हवा.