स्तनाच्या कर्करोगात एक-दोन केमो झाल्यावर एमआरआय करून औषध लागू पडतंय का ते कळतं का?

बऱ्याच अंशी, पण नुसती लांबी मोजून नाही. ३ सेंमीची गोलसर गाठ २.७ झाली तर व्यासात १० टक्केच घट दिसते. घनफळात मात्र ती २७ टक्के असते. म्हणून गॅडोलिनियम (शिरेतून देतात ते, चित्र उजळवणारं औषध) दिल्यावर गाठीचा जो भाग ठळक उजळतो, त्याचं घनफळ मोजतात. अमेरिकेतल्या आय-स्पाय २ या स्तनाच्या कर्करोगावरच्या औषधांच्या चाचणीत हे स्कॅन सुरुवातीला, ३ आणि १२ आठवड्यांनी, मग शस्त्रक्रियेआधी होतात.

दुसरा आकडा एडीसी, म्हणजे पेशींच्या दाटीतून पाणी किती सहज पसरतं ते. पेशी मेल्या की दाटी कमी होते आणि एडीसी वाढतो. त्याच पेशंटचा लगेच दुसरा स्कॅन केला तरी तो थोडा हलतोच, त्यामुळे साधारण १३ टक्क्यांपेक्षा कमी बदलावर विसंबू नये. १.०० चा १.०८ झाला, यात काही नाही, १.२० झाला तर खरा बदल. तरी ए-क्रिन ६६९८ या अभ्यासात केमोने कर्करोग पूर्ण जाईल का याचं भाकीत ३ आठवड्यांच्या एडीसीवरून जमलं नाही, १२ आठवड्यांनी जमलं आणि तेही बेताचंच.

गफलत बहुतेक स्कॅनिंगमध्येच होते. मशीन किंवा सेटिंग बदललं की तुलना बिघडते. बायोप्सीची क्लिप (खूण म्हणून गाठीत ठेवलेला धातूचा बारीक तुकडा) आजूबाजूचं चित्र खराब करते, साकळलेलं रक्त एडीसीचा आकडा फिरवतं. शक्यतो सगळे स्कॅन एकाच सेंटरला, त्याच प्रोटोकॉलने करा. पहिला स्कॅन केमोआधीच हवा, नाहीतर तुलना कशाशी करणार? आणि केवळ या आकड्यांवर औषध बदलत नाहीत.